कपडे उद्या मिळतील

या आठवड्यात मी सात इमारतींना नावं दिली.
ठेवली नाहीत, दिली.
ठेवायची ती रात्री ओट्यापाशी, एकटीनं ठेवली.

ताथवड्याला जिथं करंजांची रांग होती
तिथं 'करंजबन' सुचवलं.
निनाद सर म्हणाले, नको,
करंज म्हटलं की खरूज आठवते.
मग बकुळ दिली.
बकुळ तिथं कधी नव्हतीच,
त्यामुळे तोडल्याचं पापही नाही.
क्लायंटला आवडली. म्हणाला, फक्त जरा पॉप होऊ दे.

एप्रिलमध्ये अन्वर तांबोळी गेला.
गेला म्हणजे, पाठवला.
बाणेरच्या त्या काचेत बारा वर्षं
तो हातानं अक्षरं काढायचा.
त्याच्या 'ळ'ला पोट होतं,
जेवून उठलेल्या माणसासारखं.
आता 'ळ' मशीन काढतं. उपाशी, सरळ.
आणि मशीनचं मराठी मराठीत आणायचं
हे माझं काम.
परवा त्यानं लिहून दिलं:
'आपल्या स्वप्नांना द्या एक पत्ता.'
लाल करायला गेले आणि थांबले.
चार वर्षांपूर्वी हे मीच लिहिलं होतं.

सोड ना मग, म्हणते बहीण, नाशिकहून.
सोडते.
सव्वीस अर्ज, दोन उत्तरं,
त्यातलं एक दुसऱ्याच कुणाचं, चुकून मला आलेलं.
त्या बाईंची निवड झाली होती.
मी ते त्यांना पुढं पाठवलं, अभिनंदनासकट.
पाच तारखेला हप्ता कापला जातो
कुणी आपली झोपेत नखं कापावीत तसा,
दुखत नाही, फक्त सकाळी बोटं आखूड वाटतात.

तर, बन्सीलाल परदेशी.
धायरीत आमच्या गेटला लागून त्याची टपरी,
इस्त्री अजून कोळशाची.
दिवसातून शंभरदा तेच उत्तर देऊन
घसा बसलेला.
ताई, तुम्ही लिहायचं काम करता ना,
एक पाटी द्या लिहून.
मी सवयीनं तीन पर्याय केले.
एक खोचक, पेठेतला.
एक यमकाचा.
एक असाच.
खोचक वाचून तो म्हणाला, भांडणं होतील.
यमक वाचून हसला, म्हणाला, लोक वाचत उभे राहतील,
मला जागा कुठाय.
मग तिसऱ्यावर बोट ठेवलं:
कपडे उद्या मिळतील.
'उद्या' जेवढं मोठं काढाल
तेवढं बरं, एवढंच म्हणाला.

ब्रश सापडला माळ्यावर, ताठलेला.
'उद्या' जमलं. 'मिळतील'पाशी अडले.
अन्वरला फोन लावला. कोंढव्यात आता
रिक्षांच्या मागची नावं रंगवतो.
'ळ' कसा वळवायचा रे?
पलीकडे हॉर्न, मग तो:
आधी श्वास सोड. मग पोट काढ.
बराच वेळ आम्ही दोघं
काही न बोलता फोन धरून होतो.

मोबदला, दोन कुडत्यांची इस्त्री.
त्यातला निळा घालून गुरुवारी
खराडीला मुलाखत दिली.
पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?
बघत नाही, असं म्हणायचं होतं.
नेतृत्वाबद्दल काहीतरी म्हणाले.
कळवतो, म्हणाले.
दोन बस बदलून घरी येईतो
कुडत्याचं व्हायचं ते झालं.

गेटपाशी चौथ्या मजल्यावरचे काका
गाठोडं घेऊन उभे. पाटी वाचली.
काही न विचारता ठेवलं, वळले, गेले.
बारा वर्षांत माझ्या कुठल्याच ओळीवर
कुणी इतका मुकाट विश्वास ठेवला नव्हता.

सोमवारी आठवी इमारत आहे.
बन्सीलालनं पाटीखाली खडूनं
स्वतःच एक भर घातलीय: 'रवीवारी बंद.'
दीर्घ वी.
खडू तिथंच फळीवर होता,
उचलला, हातात धरला,
आणि परत ठेवून दिला.